स्वतःच्या विरुद्ध केलेली सही

जुगाराच्या नादी लागलेल्या माणसाकडून आपल्याकडे सगळ्यात आधी घेतली जाते ती शपथ. आईच्या गळ्याची, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून, नाहीतर थेट देवळात नेऊन. बहुतेकदा तो ती मनापासून घेतो आणि तरीही ती मोडते. मग घरचे म्हणतात, हा खोटारडा आहे, याच्यात सुधारणा होणार नाही. इथेच आपली गल्लत होते. शपथ घेणारा आणि शपथ मोडणारा हा माणूस एकच असला, तरी त्या दोन वेळांना त्याचं मन एक नसतं. हरून घरी आल्यावर, डोकं ठिकाणावर असताना त्याला सगळं कळत असतं. संध्याकाळी खिशात पैसे आले आणि मित्राचा फोन आला की ते कळणं उपयोगाला येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हाच माणूस आहे. आता जायचं नाही असा निश्चय तो करतो, फासे पडल्याचा आवाज कानावर येतो आणि पाय तिकडेच वळतात. एवढ्या जुन्या काळापासून जी गोष्ट माहीत आहे तिच्यावर आपण अजूनही फक्त शपथेचाच इलाज करत असू, तर चूक जुगाऱ्याच्या इच्छाशक्तीइतकीच आपल्या इलाजातही आहे.

जगात काही ठिकाणी वेगळा इलाज केला गेला. डोकं शांत असताना माणसाने लिहून द्यायचं की, 'मला या जुगारघरात घेऊ नका. मी आलो तर मला बाहेर काढा.' आपण त्याला स्वयंबंदी म्हणू. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगच्या कॅसिनोत 1989 मध्ये अशी सोय सुरू झाली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने 1996 मध्ये राज्यभरच्या कॅसिनोंसाठी एकच यादी केली. यादीत नाव घालणं पूर्णपणे स्वतःच्या मर्जीवर होतं, काढणं मात्र नव्हतं. सुरुवातीला तिथली बंदी जन्मभराची होती, पुढे पाच वर्षांनंतर नाव काढण्याची मुभा मिळाली. बंदी असताना आत शिरलेल्या माणसावर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा लागू शकतो. अनेक ठिकाणी आणखी एक कलम असतं आणि माझ्या मते ते सगळ्यात शहाणपणाचं आहे. बंदी असलेला माणूस लपूनछपून आत शिरून जिंकला, तरी जिंकलेले पैसे त्याला मिळत नाहीत. जुगाऱ्याला आत ओढते ती गेलेलं परत मिळवण्याची आशा, आणि हे कलम नेमकं त्या आशेवर घाव घालतं.

याचा उपयोग होतो का? होतो, पण अर्धाच. क्वेबेकमधल्या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधी कधी बंदी घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी कबूल केलं की बंदीच्या काळातही ते कॅसिनोत गेले होते, आणि तेही एकदाच नव्हे. त्याच गटाच्या 2007 मधल्या पाठपुराव्यात मात्र असंही दिसलं की बंदी घेतलेल्यांची खेळण्याची ओढ कमी झाली आणि आपला आपल्यावर ताबा आहे ही भावना वाढली. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. कुलूप फोडता येतं म्हणून कोणी दार उघडं टाकत नाही. खेळण्याची तीव्र ओढ चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंत माणूस आणि डाव यांच्यामध्ये काहीतरी आडवं यावं, एवढंच हवं असतं. ब्रिटनने ऑनलाइन जुगारासाठी 2018 मध्ये गॅमस्टॉप नावाची एकच राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि 31 मार्च 2020 पासून परवानाधारक प्रत्येक ऑनलाइन कंपनीला ती बंधनकारक केली. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं अशी मुदत माणूस स्वतः निवडतो. मुदत संपली तरी बंदी आपोआप उठत नाही, त्याला स्वतः मागणी करावी लागते आणि त्यानंतरही चोवीस तास थांबावं लागतं. हे चोवीस तास म्हणजेच त्या साऱ्या योजनेचं मर्म. ऑस्ट्रेलियाची बेटस्टॉप ही नोंदवही ऑगस्ट 2023 मध्ये आली, तिच्यात तीन महिन्यांपासून जन्मभरापर्यंतची मुदत घेता येते.

सगळ्यांसाठी एकच वही का लागते, याचं उत्तर उघड आहे. एका दारावर बंदी आणि शेजारचं दार सताड उघडं असेल, तर माणूस शेजारी जाणार. पण वही असूनही भागत नाही, ती सांभाळणाऱ्यावर वचकही लागतो. ब्रिटनच्याच जुगार आयोगाने ऑगस्ट 2017 मध्ये 888 या ऑनलाइन कंपनीला 78 लाख पौंडांचा दंड केला. मला खेळू देऊ नका असं सांगून बसलेले सात हजारांहून अधिक ग्राहक कंपनीच्या यंत्रणेतल्या त्रुटीमुळे तिच्याच दुसऱ्या विभागात खेळत राहिले होते. ज्याच्या हरण्यावर आपला गल्ला भरतो त्याला दाराबाहेर काढण्याचं काम दुकानदाराच्या भलेपणावर सोडता येत नाही.

आता हे सगळं खोडदच्या पारावर आणून पाहू. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला असलेलं हे गाव जगाला माहीत आहे ते महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या जीएमआरटीमुळे. जुन्नर-आंबेगावात कॅसिनो नाही. असता तर निदान त्याच्या दारावर नाव तरी देता आलं असतं. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला खरा, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. इथे आहे तो 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. त्यातून घोड्यांच्या शर्यती सुटतात, राज्य सरकारची लॉटरी 1969 पासून वेगळ्या वाटेने चालते, आणि कौशल्याचा खेळ म्हणून 1968 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून रमीला अभय आहे. बाकी जे चालतं ते आडोशाला चालतं: तीन पत्तीचा अड्डा, ओपन-क्लोजचा आकडा. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी मुंबईत सुरू केलेला मटका आणि त्यानंतर रतन खत्री यांचा मटका पुढे राज्यभर तालुक्या-तालुक्यांत पोचला. या अड्ड्यावर कोणाकडे अर्ज करणार? शिवाय 1887 चा कायदा अड्डा चालवणाऱ्याबरोबर तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यालाही आरोपी करतो. मदत मागायची तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो, अशी ही अवस्था.

मराठी माणसाला कायदेशीर कॅसिनो दिसतो तो गोव्यात. 1992 च्या दुरुस्तीने तिथे पंचतारांकित हॉटेलांमध्ये जुगाराची यंत्रं आली, 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरचा जुगार आला आणि पणजीसमोर मांडवीत कॅसिनोंची जहाजं उभी राहिली. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या सरकारने गोमंतकीयांना या कॅसिनोंत मज्जाव केला. म्हणजे एका राज्याने दारावर माणूस अडवता येतो हे मान्य केलं, त्यासाठी ओळखपत्र तपासणं बंधनकारक केलं. पण अडवण्याचा निकष राहण्याचा पत्ता हा ठेवला. पणजीत राहणारा आणि कधीच न खेळलेला माणूस बाहेर, आणि घर गहाण टाकून पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून आलेला माणूस आत. दारावर ओळखपत्र तपासणारा माणूस बसवलेलाच असेल, तर ज्यांनी आपणहून 'मला अडवा' असं लिहून दिलं आहे त्यांची यादी त्याच्यापुढे ठेवायला वेगळा खर्च तो काय? सिंगापूरने 2010 मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा त्याच्याही पुढे जाऊन तीन तऱ्हा केल्या होत्या. माणूस स्वतः बंदी मागू शकतो. त्याचे जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात आणि समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. आणि दिवाळखोर ठरलेल्यांना किंवा सरकारी आर्थिक मदतीवर जगणाऱ्यांना बंदी आपोआप लागू होते.

पण जुन्नर तालुक्यातला खरा प्रश्न मांडवीतल्या जहाजांचा नाही, खिशातल्या फोनवरच्या जुगाराचा आहे, आणि तो शेतीच्या पैशाच्या चालीशी जोडलेला आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, येते ती एकदम. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव असे कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. रोपं, मल्चिंग, तार-बांबू, औषधं आणि मजुरी असा सगळा खर्च आधी करायचा आणि क्रेट कितीला जाईल हे सकाळी लिलावाच्या वेळी कळायचं, असं ज्याचं आयुष्य आहे त्याला ॲपवर 'एक टीम लावून बघू' यात फार मोठा धोका वाटत नाही. धोका तर रोजच घेतो, हा थोडा छोटा. गेल्या हंगामात एखाद्याला बाजाराने खरोखरच लखपती केलेलं गावाने पाहिलेलं असतं, त्यामुळे नशीब फळतं यावरचा विश्वास भाबडा राहत नाही, अनुभवाचा होतो. शेतीत आणि जुगारात फरक हा की टोमॅटोच्या भावामागे कोणी शेतकऱ्याला गुंतवून ठेवण्यासाठी बसलेलं नसतं. ॲपमागे असतं. थोडक्यात हुकलं असं वाटायला लावणं, पहिल्या वेळी बोनस देणं, हरल्यावर लगेच नोटिफिकेशन पाठवणं हे ठरवून केलेलं असतं. आणि गेलेले पैसे कव्हर करायला माणूस पुन्हा लावतो तेव्हा तो खेळत नसतो, कर्ज फेडत असतो, निदान त्याला तसं वाटत असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर व्यसनांच्याच गटात घेतलं.

यावर कोणी म्हणेल की आता हा प्रश्न उरलाच कुठे? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उमटली, आणि नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्याने बेकायदा ठरवला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांना असे व्यवहार करायला मनाई. या खेळांत 45 कोटी लोक वर्षाला 20,000 कोटी रुपये गमावतात असा सरकारचाच अंदाज होता. कायदा हवाच होता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. पण बंदी आली म्हणजे ओढ गेली असं होत नाही. मोठी ॲप बंद झाली तरी परदेशातून चालणाऱ्या साइट राहतात. व्हॉट्सॲपवरून 'आयडी' देणारा एजंट राहतो. महादेव या सट्ट्याच्या ॲपसह 22 ॲप आणि साइट केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्येच रोखल्या होत्या, तरी तो धंदा काही उठला नाही. एक तोटाही झाला आहे, तो सांगितला पाहिजे. कायदेशीर ॲपवर खर्चाची मर्यादा घालता येत होती, खातं स्वतःहून बंद करून घेता येत होतं, तामिळनाडूने तर 2025 च्या सुरुवातीला मध्यरात्री ते पहाटे पाच खेळ बंद ठेवण्याचा नियम केला होता. चोरट्या साइटवर यातलं काही नाही. ज्याच्याकडे नाव द्यायचं तो दारवानच गायब झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात स्वयंबंदीची जागा जुगाराच्या दारावर शोधूच नये. ती पैशाच्या दारावर शोधावी. अड्डा बदलतो, ॲप बदलतं, एजंट बदलतो. पट्टी जमा होते ते खातं मात्र तेच असतं. खोडदच्या शेतकऱ्याचं खातं जिल्हा बँकेत, पतसंस्थेत किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असतं, आणि तिथल्या काही सोयी आजही त्याच्या हातात आहेत. संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणाच्याही सहीने' ऐवजी 'दोघांच्या सहीने' चालवायचं, एवढा एक अर्ज दिला की टोमॅटोची पट्टी नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय हलत नाही. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः बंद करण्याची सोय बँकांनी द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2020 चा आहे. आणि ऑगस्ट 2024 मध्ये आलेली यूपीआय सर्कल ही सोय तर जणू याचसाठी केली असावी. तिच्यात खातं एकाचं आणि पैसे देणारा दुसरा असतो. प्रत्येक व्यवहाराला खातेदाराची मंजुरी लागेल असं ठरवता येतं, नाहीतर महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजारांची मुभा देता येते. खातं बायकोच्या किंवा भावाच्या नावावर ठेवून जुगार सोडू पाहणाऱ्याने स्वतः दुय्यम व्हायचं. चहा, डिझेल, खत यांचे पैसे त्याला फोनवरून देता येतील. प्रत्येक व्यवहाराला मंजुरीची अट ठेवली, तर रात्री एक वाजता अनोळखी माणसाच्या नंबरवर पाच हजार परस्पर पाठवता येणार नाहीत.

हे कागदावर सोपं दिसतं, आणि त्यावरचे आक्षेप खरे आहेत. जुगारी मित्राच्या फोनवरून खेळेल, हातउसने घेईल, सावकाराकडे जाईल, घरातलं सोनं मोडेल. करेलच. क्वेबेकमधल्या त्या एक तृतीयांश लोकांनीही बंदी मोडलीच होती. पण दर वेळी त्याला कोणाला तरी सांगावं लागेल, कोणाकडे तरी हात पसरावा लागेल, आणि फोनवरच्या जुगाराची खरी ताकद कोणालाच न कळण्यात आहे. अड्ड्यावर गेलेला माणूस निदान दिसतो. गोठ्यात, शेताच्या बांधावर, अंथरुणात फोन घेऊन बसलेल्या माणसाचं कर्ज घराला कळतं ते वसुलीवाला आल्यावर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पैशावर कुटुंबाचा ताबा आला तर त्याचा गैरवापर होईल. होऊ शकतो, आणि बाईवर तर अधिक सहज होऊ शकतो. म्हणूनच बंदी मागणारा तो स्वतःच असला पाहिजे, ती ठरावीक मुदतीची असली पाहिजे आणि कुटुंबाच्या अर्जावरून लावायची झाली तर सिंगापूरसारखी दोन्ही बाजू ऐकणारी जागा पाहिजे. तिसरा आक्षेप प्रामाणिक माणसांचा असतो. ज्याला सोडायचंय तो सोडेलच, मग हे कागदी सोपस्कार कशाला? त्यांनी आपल्याच गावातल्या माळकऱ्यांकडे पाहावं. जुन्नर-आंबेगावच्या किती तरी घरांत माणसाने दारू आणि मटण सोडलं ते गळ्यात तुळशीची माळ घालून. मनात निश्चय करून भागत नाही, चारचौघांत माळ घालावी लागते, मग लग्नाच्या पंगतीत वाढपीही त्याच्यापुढे थांबतो. निश्चय त्याचाच असतो, पण तो टिकवायला गाव मदत करतं. जुगारावर तशी माळ आपण अजून केलेली नाही.

आपल्या देशाला हे परकंही नाही. नकोशा जाहिरातींचे फोन येऊ नयेत म्हणून 1909 या क्रमांकावर आपलं नाव नोंदवायची सोय वर्षानुवर्षं आहे. ती हीच कल्पना आहे, फक्त क्षुल्लक त्रासासाठी. एका अर्जावर देशातल्या साऱ्या टेलिफोन कंपन्यांना 'याला सतावू नका' असं बजावता येत असेल, तर एका अर्जावर साऱ्या बँकांना आणि यूपीआय ॲपना 'याच्या खात्यातून अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर रात्री पैसे जाऊ देऊ नका, आणि त्याने बंदी उठवायला सांगितली तरी चोवीस तास थांबा' असं बजावता का येऊ नये? ब्रिटनमध्ये काही बँकांनी 2018 पासून ग्राहकाच्या सांगण्यावरून जुगाराची देणी रोखायला सुरुवात केली. आपल्याकडे चोरटा जुगार व्यापाऱ्याच्या नावाने नव्हे, तर भाड्याच्या वैयक्तिक खात्यांवर पैसे घेतो, म्हणून निव्वळ व्यापाऱ्याचा प्रकार पाहून अडवणं पुरणार नाही. वेळ, रक्कम आणि नवा खातेदार या तीन गोष्टींवर लगाम हवा. जिल्हा बँकेने आणि पतसंस्थांनी ठरवलं तर सुरुवात त्यांच्या अर्जाच्या एका छापील पानापासून होऊ शकते.

एवढं करूनही आतली ओढ उपचारांशिवाय जात नाही आणि कर्ज आपोआप फिटत नाही. बंदी फक्त वेळ मिळवून देते, त्या वेळात डॉक्टरकडे जायचं असतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलते. ज्याच्या घरी हे चालू आहे त्याने या दोन्हींआधी एक करावं: हरल्यानंतरच्या सकाळी, भांडण होण्याआधी, त्या माणसाला घेऊन बँकेत जावं आणि खातं दोघांच्या सहीचं करून घ्यावं. तो त्या सकाळी नाही म्हणणार नाही.